पंचनाम्यात न बसणारी घरे : आपत्तीच्या वेळी आपले दान कोणापर्यंत पोहोचते?



फेब्रुवारी संपला की देवळा तालुक्यातल्या माणसाचे एक लक्ष आभाळाकडे असते. उन्हाळ कांदा काढणीला आलेला असतो, कुठे काढून शेतातच ढीग लावलेले असतात, कुठे चाळ भरायचे काम चालू असते. अशा वेळी अवकाळी पाऊस आणि गारा आल्या तर अर्ध्या तासात वर्षाची कमाई मातीत जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सबंध महाराष्ट्रात झालेली गारपीट, २६ नोव्हेंबर २०२३ ची नाशिक जिल्ह्यातली गारपीट आणि मे २०२५ चा अवकाळी पाऊस आपल्या भागातील लोक विसरलेले नाहीत.

अशी आपत्ती आली की बातम्या येतात, पुढारी बांधावर येतात, पंचनाम्याचे आदेश निघतात. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते आणि त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण त्याच शेतात कांदा काढणाऱ्या, पात कापणाऱ्या, चाळ भरणाऱ्या मजुरांचे काय? शेत झोपले की त्यांची पुढच्या महिना-दीड महिन्याची मजुरी बुडते. त्यांच्या नावावर सातबारा नसतो. मग त्यांचे नुकसान कोणत्या कागदावर लिहिले जाते?

बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी आपत्तीच्या वेळी मदतीला उतरण्यापूर्वी हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. म्हणून हा लेख.

शासनाची मदत कशी मोजली जाते?

नैसर्गिक आपत्तीनंतरची शासकीय मदत मुख्यतः राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून दिली जाते. तिचे निकष केंद्र शासन ठरवते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांतील काही आकडे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावेत :

- मृत व्यक्तीच्या वारसास ४ लाख रुपये.
- सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये.
- अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये.
- घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात राहिले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये.
- दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, शेळी-मेंढी दगावल्यास ४,००० रुपये.
- पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत.

राज्य शासन वेळोवेळी वेगळा निर्णय काढून या रकमा किंवा मर्यादा बदलते. वीज पडणे, अवेळी पाऊस, अतिवृष्टी या गोष्टी महाराष्ट्राने आपल्या स्तरावर आपत्ती म्हणून घोषित केल्या आहेत. म्हणून त्या त्या वेळचा शासन निर्णय हातात ठेवूनच बोलावे.

आता या यादीकडे वस्तीतून बघा. पिकाची मदत सातबाऱ्यावर चालते, म्हणजे भूमिहीन माणूस तिथेच बाहेर पडतो. घराच्या मदतीसाठी घर अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावे लागते. गायरानावर, नाल्याकाठी किंवा गावठाणाबाहेर राहणाऱ्या, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद नसलेल्या कुटुंबाची अडचण इथे सुरू होते. शेळी गारांनी मेली आणि घरच्यांनी ती संध्याकाळी पुरून टाकली, तर दुसऱ्या दिवशी आलेल्या पंचनाम्यात ती मेलेलीच नसते.

याच निकषांत एक तरतूद अशी आहे की जिची माहिती वस्तीपर्यंत पोहोचलीच पाहिजे. आपत्तीमुळे ज्यांची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली आहे आणि जे मदत छावणीत राहत नाहीत, अशा कुटुंबांतील दोन प्रौढांपर्यंत रोजगार हमीच्या मजुरीदराने रोजची मदत देता येते. हा कालावधी साधारणपणे ३० दिवसांचा असतो. पण ही मदत आपोआप घरी येत नाही. अशी कुटुंबे कोणती, हे शासनाने ओळखून प्रमाणित करावे लागते. वस्तीतून नावांची यादी आणि मागणीचा अर्ज गेलाच नाही, तर ओळखणार कोण?

आपत्ती जात बघत नाही, मदत मात्र बघते

पूर आणि भूकंप सगळ्यांना सारखेच गाठतात, असे म्हटले जाते. पण कोणाचे घर ओढ्याकाठी आहे, कोणाच्या भिंती मातीच्या आहेत, कोणाची वस्ती रस्त्यापासून आत आहे, हे आपत्तीच्या आधीच ठरलेले असते. गाव बसवताना ज्यांना वेशीबाहेर जागा दिली गेली, त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा सखल आणि कोपऱ्यातली जमीन आली.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे पाणवठ्याच्या कारणावरून दलित स्त्रियांवर अत्याचार झाला. त्या वर्षीच्या अशा घटनांच्या संतापातून दलित पँथरचा जन्म झाला, हे आपल्या तरुणांना ठाऊक आहे. पाणी आटले की पाण्यावरची मालकी जास्त घट्ट होते, याचा हा दाखला आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना मदतीच्या यादीतून वगळल्याच्या, छावणीत वेगळे वागवल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतरही अशा तक्रारी आल्या होत्या. त्यामागची कारणे पुष्कळदा साधी असतात. मदतीची गाडी मुख्य रस्त्यावर थांबते, वाटप गावातील वजनदार माणसाच्या हाती जाते आणि यादी त्याच्या ओळखीने बनते. कोणी उघड जातिद्वेष दाखवला नाही तरी परिणाम तोच होतो.

म्हणूनच आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील कलम ६१ महत्त्वाचे आहे. आपत्तीग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते स्पष्ट सांगते. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा आणि स्वच्छता यांचे किमान मानक ठरवण्याची तरतूद आहे. आलेला पैसा किंवा साहित्य लंपास करणाऱ्यास कलम ५३ खाली शिक्षा आहे. तहसील कार्यालयात अर्ज देताना ही कलमे लिहून द्यावीत. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी.

तथागतांनी दानाला कसोटी लावली

आपल्याकडे दान म्हटले की भिक्खू संघाला चीवरदान, भोजनदान एवढेच डोळ्यासमोर येते. पण अंगुत्तर निकायातील काळदान सुत्तात वेळेवर दिलेल्या दानाचे पाच प्रकार सांगितले आहेत. नव्याने आलेल्याला, प्रवासाला निघालेल्याला, आजाऱ्याला आणि दुष्काळात दिलेले दान, तसेच नवे पीक प्रथम शीलवंतांना देणे. दुष्काळातली मदत ही धम्मकार्याच्या बाहेरची गोष्ट नाही, हे इथे स्पष्ट होते.

त्याच निकायाच्या पंचक निपातात सत्पुरुष दान कसे देतो हेही सांगितले आहे. तो आदराने देतो, समोरच्याचा विचार करून देतो, स्वतःच्या हाताने देतो, टाकून देण्याजोगे देत नाही. दुसऱ्या सुत्तात, तो योग्य वेळी आणि स्वतःला किंवा इतरांना इजा न पोहोचवता देतो, असेही येते.

आपत्तीच्या वेळी आपण जे गोळा करतो त्याला ही कसोटी लावून पाहा. फाटकी साडी, चेन तुटलेली पँट, मुदत संपलेली औषधे, एका पायाची चप्पल. घर आवरताना निघालेले सामान गाडीत भरून पाठवले तर ते दान होत नाही. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला त्यातून कामाचे शोधत बसावे लागते आणि उरलेला ढीग त्याच्याच गावात कुजतो. जुने कपडे द्यायचेच असतील तर धुतलेले, न फाटलेले, आपण स्वतः घालून बाहेर पडू असेच द्यावेत.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सल्ला देतो की, शेती व पशुपालन करणाऱ्यांना बियाणे आणि चारा द्यावा, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, चाकरी करणाऱ्यांना वेतन द्यावे. ज्याचे जे काम थांबले ते पुन्हा सुरू होईल असे द्यावे, हा त्याचा अर्थ. आजच्या भाषेत यालाच पुनर्वसन म्हणतात. अल्पभूधारकाला बियाणे लागते आणि मजुराला काम लागते. शिवणकाम करणाऱ्या बाईचे यंत्र पाण्यात गेले असेल तर तिला तांदळाच्या दुसऱ्या पोत्यापेक्षा यंत्राची दुरुस्ती जास्त उपयोगी पडते.

कोणत्या वेळी काय द्यावे?

पहिले काही तास शेजाऱ्यांचे असतात. २८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात मेशी शिवारात एसटी बस आणि रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने विहिरीत पडली आणि २६ जणांचा मृत्यू झाला. ती नैसर्गिक आपत्ती नव्हती, अपघात होता. पण अशा वेळी सर्वात आधी जवळपासची माणसेच धावतात, यंत्रणा नंतर पोहोचते. म्हणून दोर, बॅटरी, प्रथमोपचार पेटी आणि ती वापरता येणारी चार मुले प्रत्येक वस्तीत असली पाहिजेत. १०८ रुग्णवाहिका, ११२ आपत्कालीन सेवा आणि १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष हे क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावेत.

पहिल्या तीन-चार दिवसांत शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी, ताडपत्री, चटई, घोंगडी, बॅटरी, मच्छर अगरबत्ती, ओआरएसची पाकिटे, सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांसाठी दूध लागते. विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. त्यांचा डबा वाहून गेला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

पुढच्या तीन आठवड्यांत शिधा, स्टोव्ह किंवा चूल, भांडी, वह्या-पुस्तके आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे कागदपत्रे. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक भिजले किंवा वाहून गेले तर पुढची सगळी मदत अडते. दोन शिकलेली मुले एक टेबल टाकून अर्ज भरायला बसली तर ते शंभर किलो तांदळाइतकेच मोठे दान आहे.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत बाहेरची मदत थांबते, पण घर उभे राहिलेले नसते. मुलांची फी, पत्रे, शेळी विकत घेण्यासाठी थोडी रक्कम आणि सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून बिनव्याजी उसनवार, याची गरज तेव्हा असते. रोजगार हमीचे काम लेखी मागावे आणि पोच घ्यावी.

दूरच्या जिल्ह्यात मदत पाठवताना

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, जालना, सोलापूर या भागांत अतिवृष्टी आणि पुराने हाहाकार केला. सीना नदीकाठची गावे पाण्यात गेली, जमिनी खरडून गेल्या. राज्य शासनाने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मदतीच्या गाड्या गेल्या.

अशी गाडी देवळ्याहून पाठवायची असेल तर गाडी भरण्यापूर्वी तिथल्या कार्यकर्त्यांना फोन करावा. भारतीय बौद्ध महासभेची बांधणी जिल्हा, तालुका आणि गाव शाखांपर्यंत आहे. समता सैनिक दलाचे सैनिक आहेत. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या वस्तीत अजून कोणी पोहोचलेले नाही, तिथे किती घरे आहेत, आणि आज नक्की काय हवे आहे. मग शक्य तेवढे सामान तिकडच्या जवळच्या बाजारातच घ्यावे. डिझेलचा खर्च वाचतो आणि बुडालेल्या बाजारपेठेलाही थोडा हात लागतो.

वाटप घरोघर यादीप्रमाणे करावे. रस्त्यावर गाडी थांबवून फेकाफेक केली तर धडधाकट माणसाच्या हाती दोन पिशव्या लागतात आणि म्हातारी रिकाम्या हाताने परत जाते. विधवा, परित्यक्ता, अपंग आणि एकटे वृद्ध यांना आधी द्यावे. हात पसरलेल्या माणसाचा चेहरा दाखवणारे फोटो टाळावेत. हिशेबासाठी सामानाचा आणि पावत्यांचा फोटो पुरेसा आहे. देताना बॅनर आडवा आला तर आदराने देण्याची कसोटी तिथेच तुटते.

तरुण आम्हाला विचारतात, आपल्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही, मग आपण सगळ्यांना का द्यायचे? राग समजण्यासारखा आहे. पण आपल्या तालुक्यात भिल्ल वस्तीतला मजूर, सुरगाणा-पेठकडून कांद्याच्या कामाला आलेली टोळी आणि दीड बिघ्याचा शेतकरी यांची अवस्था आपल्याहून वेगळी नाही. बहुजन हिताय हे शब्द आपण रोज म्हणतो. यादी करताना जात विचारायची ती फक्त कोणी सुटले तर नाही ना, हे बघण्यासाठी.

विहारात आपत्ती निधी

आपत्ती आल्यावर वर्गणीला निघणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. उत्तर प्रदेशातील सोहगौरा येथे सापडलेल्या ताम्रपटात संकटकाळासाठीच्या कोठारांचा उल्लेख आहे. आजच्या बांगलादेशातील महास्थान येथील शिलालेखात संकटाच्या वेळी लोकांना धान्य देण्याचा आणि चांगले दिवस आल्यावर कोठार पुन्हा भरण्याचा आदेश आहे. हे दोन्ही लेख सर्वसाधारणपणे मौर्य काळातील मानले जातात. म्हणजे धान्य आधी साठवायचे, वेळेला द्यायचे आणि पुन्हा भरायचे ही रीत या भूमीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

तैवानमध्ये १९६६ साली भिक्षुणी चेंग येन यांनी तीस गृहिणींना सोबत घेऊन त्झू ची ही संस्था सुरू केली. प्रत्येकीने रोज अर्धा तैवानी डॉलर बांबूच्या नळीत टाकायचा, एवढीच सुरुवात होती. आज ही संस्था जगभर आपत्तीग्रस्तांपर्यंत पोहोचते. त्यांचे स्वयंसेवक दोन्ही हातांनी, किंचित वाकून मदत देतात.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचा निश्चय करायला सांगितले होते. तेवढे आज जमत नसेल तर डबीपासून सुरुवात करू. एका वस्तीतील ४० घरांनी रोज ५ रुपये टाकले तर वर्षाला ७३ हजार रुपये होतात. दहा कुटुंबांचा महिन्याचा शिधा, ताडपत्र्या आणि औषधे यासाठी ही रक्कम कामी येते.

निधीचा हिशेब मात्र काटेकोर हवा. बँकेत संयुक्त खाते, त्यात किमान एक महिला, आणि दर पौर्णिमेला विहारात जमाखर्चाचे वाचन. बाहेर सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी.

या पावसाळ्यापूर्वी करायची कामे

१. वस्तीतील प्रत्येक घराची यादी : माणसे किती, आजारी कोण, गरोदर कोण, जनावरे किती, घर कच्चे की पक्के, जमीन आहे की नाही.

२. नमुना ८ मध्ये ज्यांच्या घराची नोंद नाही त्यांचे अर्ज ग्रामपंचायतीत देणे. आपत्तीनंतर या अर्जाला कोणी विचारणार नाही, आधीच द्यावा लागतो.

३. सर्वांच्या कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मोबाईलमध्ये.

४. विजेची सूचना देणारे दामिनी आणि आपत्तीचा इशारा देणारे सचेत ही दोन ॲप निदान चार मुलांच्या मोबाईलवर. कांद्याच्या कामावर असलेल्या टोळीला फोन करून झाडाखालून हलवणे हे त्यांचे काम.

५. आपत्तीनंतर त्याच दिवशी तारखेसह फोटो : पडलेली भिंत, उडालेले पत्रे, मेलेली शेळी. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना व तलाठ्यांना कळवणे.

६. पंचनाम्याचे पथक आले की वस्तीतील दोन माणसे यादी घेऊन सोबत फिरतील. ज्या घराचा पंचनामा झाला नाही त्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे. मजुरी बुडालेल्या कुटुंबांचा अर्ज वेगळा.

यातले एकही काम पैशावाचून अडणारे नाही. वही, पेन आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पुरते. वर्षावासात विहारात सगळे एकत्र येतातच. पण गारपीट वर्षावासाची वाट बघत नाही. म्हणून येत्या पौर्णिमेलाच वंदनेनंतर अर्धा तास काढा आणि पहिल्या यादीचे पहिले पान लिहा.

दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्याचे. भूमिहीनांच्या हक्कासाठी त्यांनी हजारो माणसे सत्याग्रहात उतरवली. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचे नाव निदान मदतीच्या यादीत असावे, एवढे काम आपल्या पिढीने हाती घ्यावे, अशी आम्ही सर्व तरुण कार्यकर्त्यांना विनंती करतो.

नमो बुद्धाय. जय भीम.